डाव्या बाजूची वाइन

मराठी ताटाची डावी बाजू थोडक्यात काम उरकते. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. त्यांनी पोट भरत नाही, पण त्या नसल्या की उजवीकडची भाजी उगीच मुकी वाटते. नाशिकची सोव्हिन्यॉ ब्लां ही पांढरी वाइन त्या लिंबाच्या फोडीच्या गोतावळ्यातली. उच्चारासाठी अडून बसू नये, बाटली कुठल्याही उच्चाराने उघडते.

त्याच नावाचं तिचं द्राक्ष मूळचं फ्रान्सचं. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये त्याच्या वेली लावल्या आणि २००० मध्ये त्यांच्या सुला या कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. थॉमसन या खायच्या द्राक्षाच्या लांबट, बिनबियांच्या मण्यांना सरावलेल्या नजरेला हे द्राक्ष फसलेलंच वाटावं: मणी बारीक, घड गच्च, आत बी. खायचं द्राक्ष गोड झालं की जिंकलं. इथे गोडी चढेपर्यंत आंबटपणा किती टिकला, यावर सगळं. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरता सरता घडांसाठी गोडी छाटणी, म्हणजे घड पिकायला नेमकी थंडी सापडते. निफाडचा पारा उतरला की आपण स्वेटर शोधतो, पण त्याच गार रात्री मण्यातला आंबटपणा, म्हणजे मॅलिक आम्ल, राखून ठेवतात. ऊन तापू लागलं की ते भराभर घटतं. त्यामुळे ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, २१-२२ च्या आसपास आलं की रोज मणी चावून बघायचा. घाई केली तर वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा उग्र वास येतो. रेंगाळलं तर वाइन बसकी होते, नुसती दारू लागते. तोडणी उजाडायच्या आत, कारण तापलेल्या मण्यांचा रस लवकर तपकिरी पडतो. पुढे स्टीलच्या टाकीत १३ ते १६ अंशांवर सावकाश आंबवायचं. टाकी तापली तर पेरू-पपनसाचा वास वायूबरोबर उडून जातो.

घरी आणल्यावर बाटली वर्ष-दोन वर्षांत संपवावी. ही मुरवायची गोष्ट नव्हे, मुरांबा वेगळा. प्यायची ८ ते १० अंशांवर: फ्रीजमध्ये तीन तास, किंवा बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून वीस मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवली तर खड्यांमधल्या हवेमुळे थंड व्हायला उशीर लागतो. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर वाइन गोठून फुगते, बूच वर येतं, क्वचित काचही तडकते.

जोडीला काय? आधी कोथिंबीर वडी. तिच्यातला हिरवा वास आणि वाइनमधला हिरवा वास एकमेकांना ओळखतात, आणि तळणीचा तेलकटपणा आम्ल कापून काढतं. वडी कडकडीत असू द्या. गार झाली की तेल जिभेला चिकटतं. रव्यात तळलेली सुरमई, लसणावर परतलेली कोळंबी, खारे शेंगदाणे, चिवडा सगळं चालतं, कारण मिठाने आंबटपणा मवाळ लागतो. अळूवडीला मात्र गूळ बेताने घाला. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन कैरीसारखी दात आंबवते, म्हणून श्रीखंडाच्या वाटेला तिला पाठवू नये. उलट पदार्थच जास्त आंबट असेल तर तीच पाणचट लागते.

मिसळीचं काय, हा प्रश्न नाशकात येणारच. झणझणीत तर्रीवर ही वाइन म्हणजे आगीत तेल: अल्कोहोलने तिखट आणखी चढतं. फारच हौस असेल तर शेनिन ब्लां ही किंचित गोडसर पांढरी वाइन घ्या, तीही खूप थंड. खरं तर तिथे ताकच बरं.

उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. मग चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास यायला लागतो. तो यायच्या आत उरलेली अर्धी वाटी कोळंबीच्या कढईत, लसूण तांबूस झाल्यावर ओता आणि निम्मी आटू द्या. त्या दिवशी लिंबू चिरायला नको.