मोनिकाची आई

रात्रीचे साडेअकरा.

आईशी बोलून फोन ठेवला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, रोजचंच बोलणं. पण आज त्यानंतर मोनिका लोविनेस्कूची आई डोळ्यांसमोरून हलेना. मोनिका म्हणजे परदेशातून कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध रेडिओवर बोलणारी रोमानियन समीक्षक.

मोनिका १९४७ मध्ये शिष्यवृत्तीवर बुखारेस्टहून पॅरिसला आली. वय तेवीस. त्याच वर्षी ३० डिसेंबरला राजा मिहाईला गादी सोडायला लावली आणि रोमानिया पुरता कम्युनिस्टांच्या हाती गेला. मोनिकाने फ्रान्समध्ये आश्रय मागितला. वडील, मोठे समीक्षक एउजेन लोविनेस्कू, आधीच वारले होते. आई एकातेरिना मागे एकटी. ती पत्रं लिहीत राहिली. मायलेकींची भेट पुन्हा झाली नाही.

१९५८ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या फ्रेंचच्या शिक्षिकेला अटक झाली. लेकीला आपल्या बाजूला वळव, मग सोडतो, असा सौदा राजवटीने पुढे केला. तिने तो नाकारला. तुरुंगात औषधपाणीही मिळालं नाही. १९६० मध्ये ती तिथेच गेली.

लेक बोलत राहिली. आधी फ्रेंच रेडिओवर, मग कम्युनिस्ट देशांसाठी अमेरिकेने चालवलेल्या रेडिओ फ्री युरोपवर, पॅरिसहून, रोमानियन भाषेत, वर्षानुवर्षं. विषय काय, तर पुस्तकं! कोणत्या कादंबरीत खरं लिहिलंय, कोणता कवी सत्तेपुढे वाकला. तिकडे लोक आवाज बारीक करून, शेजाऱ्यांना कळू न देता ऐकायचे. समीक्षेची एवढी गरज असलेला समाज मी तरी दुसरा वाचलेला नाही.

१८ नोव्हेंबर १९७७. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस. घराच्या दाराशीच दोघांनी तिला गाठलं आणि डोक्यावर इतकं मारलं की ती कोमात गेली. हे रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूच्या हुकमावरून झालं, असं त्याच्याच हेरखात्यातून पळालेल्या जनरल पाचेपाने नंतर सांगितलं. मोनिका बरी झाली आणि परत मायक्रोफोनसमोर बसली.

या हल्ल्याबद्दल सगळेच लिहितात. मला त्याहून १९६० हे साल छळतं. आई गेल्याची बातमी कळल्यावरही ती कुणाच्या तरी कवितासंग्रहावर बोलायला बसली असेल. आवाज कुठून आणला असेल तिने?

माझ्या आईवर अशी वेळ आली असती, तर त्यांनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर मी सही केली असती. आणि आईने मला कधीच माफ केलं नसतं.