सेफ्टी जॅकेटांची ऑर्डर: शिवायला दोन दिवस, लोगोला सात

दारव्हा तालुक्यात आमचं मोरीचं, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या लहान पुलाचं, काम सुरू होतं. रस्ता रुंदीकरणाचं काम एका मोठ्या कंपनीकडे आणि त्यातल्या लहान मोऱ्या आमच्याकडे, म्हणजे आम्ही पोटठेकेदार. साइट आणि स्टोअर दोन्ही मीच पाहतो. १४० सेफ्टी जॅकेटं दहा दिवसांत आणायची होती आणि मध्ये पोळा. माल आला, वेळेवर आला. पण त्या दहातले सात दिवस ज्या कारणानं गेले ते आठवलं की अजून राग येतो. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात अशी झाली. गुरुवारी संध्याकाळी कन्सल्टंटचे, म्हणजे कामावर देखरेख करणारे, साहेब डायव्हर्जनवर (तात्पुरत्या वळणरस्त्यावर) थांबले. दिवस मावळत होता, भुरभुर पाऊस होता. आमचे झेंडीवाले काका उभे होते, त्यांच्या जॅकेटचा नारंगी रंग उडून मातकट झाला होता, चमकणाऱ्या पट्टीचे पोपडे निघाले होते. साहेबांनी गाडी मागे घेतली आणि हेडलाइट टाकून पाहिला. उजेडात झेंडी दिसली, काका नाही दिसले. मी शेजारीच उभा होतो, तेव्हा वाद घालायला तोंडच नव्हतं. साहेबांचं बरोबर होतं, हे आधीच सांगून टाकतो.

शुक्रवारी सकाळी पत्र हातात पडलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ५५ चा दाखला, रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची ते त्यात दिलेलं असतं. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी प्रत्येक माणसाच्या अंगावर क्लास २ चं (भडक कापड आणि पट्टी किती पाहिजे त्याची ठरलेली पातळी) जॅकेट पाहिजे, पाठीवर मुख्य कंपनीचा मंजूर लोगो पाहिजे, झेंडीवाल्यांच्या पाठीवर मराठीत ‘वाहतूक नियंत्रक’ पाहिजे. नाहीतर स्लॅबचं काँक्रीट करू देणार नाही. सेंटरिंग (स्लॅबखालचा साचा) लागलेलं, लोखंड बांधून तयार, वरून पावसाळा. स्लॅब थांबणं म्हणजे आमचं मरण.

यवतमाळात तयार जॅकेटं मिळतात. त्याच दिवशी जाऊन पाहिली. स्वस्त होती, पण जाळीचं पातळ कापड आणि प्लास्टिकची चकचकीत पट्टी. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढला. ही परीक्षा सगळ्यांनी करावी. खऱ्या पट्टीत बहुतेक वेळा काचेचे बारीक मणी असतात, ते उजेड जिथून आला तिकडेच परत फेकतात, म्हणून फोटोत पट्टी पांढरीशुभ्र पेटल्यासारखी येते. त्या दुकानातली राखाडीच राहिली. जॅकेटाचा भडक रंग दिवसाच्या कामाचा. तो उन्हातली अतिनील किरणं दिसणाऱ्या उजेडात बदलतो, म्हणून ढगाळ दिवशी आणि तिन्हीसांजेला उठून दिसतो. आणि तेच ऊन रोज खाऊन तो रंग मरतो. रात्री हेडलाइटसमोर त्या रंगाचा काही उपयोग नाही, तेव्हा पट्टीच माणसाला वाचवते. काकांच्या अंगावर दोन्ही मेलेलं होतं.

मग नागपूर. तिथल्या इतवारी भागात जॅकेटं शिवून, छापून देणाऱ्या एका दुकानदाराचा नंबर ओळखीतून मिळाला. फोनवर पहिल्यांदा त्यानं रंग विचारला, दुसऱ्यांदा साइजा, आणि तिसऱ्यांदा, “लोगो मंजूर आहे का जी?” मी म्हटलं, होऊन जाईल. तो म्हणाला, “शिलाई दोन दिवसांची गोष्ट आहे भाऊ. लोगोवालेच रडवतात.” मी ऐकलं आणि सोडून दिलं. तिथंच थांबून नीट विचार करायला पाहिजे होता.

एक गोष्ट मात्र मी बरोबर केली आणि तिच्याचमुळे वाचलो. अर्धे पैसे शुक्रवारीच टाकले आणि सांगितलं की लोगोची वाट पाहू नका, कोरी जॅकेटं शिवून ठेवा. कापड, पट्टी, रंग, साइजा यांवर कोणाची सही लागत नव्हती. मंगळवारी १४० कोरी जॅकेटं शिवून पडली होती. फक्त छपाई राहिली होती.

आता ते सात दिवस.

शुक्रवारी दुपारी मुख्य कंपनीच्या विभागीय कार्यालयाला मेल केला: जॅकेटावर छापायला लोगोची फाइल द्या आणि मंजुरी द्या. संध्याकाळी उत्तर आलं, सोबत एक फॉर्म. लोगो वापरण्याच्या परवानगीचा. त्यावर साइट इनचार्ज, प्रोजेक्ट मॅनेजर आणि कार्यालयातल्या आणखी एका विभागाची सही. पहिल्या दोन सह्या शनिवारी सकाळी घेतल्या. प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांनी उभ्या उभ्या केली. फॉर्म स्कॅन करून पाठवला. शनिवार दुपार, रविवार गेले.

सोमवारी फोन केला तर म्हणे फॉर्म अपूर्ण आहे, व्हेंडर कोड (दुकानदाराचा कंपनीकडचा नंबर) भरलेला नाही. मी म्हटलं, साहेब, पैसे आम्ही देतोय, बिल आमच्या नावावर आहे, तुमच्या कंपनीला त्या दुकानदाराशी घेणं ना देणं, त्याचा कोड कुठून येईल? पलीकडचा मुलगा नरम बोलणारा होता, त्याच्यावर मी चिडलो नाही. तो म्हणाला, “रकाना रिकामा असला की सिस्टिम पुढे जाऊ देत नाही.” मग कोड काढा. कोड काढायला दुकानदाराचं जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, रद्द केलेला चेक आणि उद्यम नोंदणी लागते. चार कागद, १४० जॅकेटांसाठी, तेही ज्या कंपनीला त्याला एक रुपया द्यायचा नाही तिच्यासाठी. दुकानदारानं बिचाऱ्यानं तासाभरात सगळे कागद पाठवले. मी पुढे ढकलले.

मंगळवारी विचारलं, प्रक्रियेत आहे. दुपारी पुन्हा विचारलं, प्रक्रियेत आहे. साइटवर रेंज नसते, म्हणून प्रत्येक फोनला मी मोटरसायकल काढून दोन किलोमीटरवरच्या चढावर जात होतो. तिकडून माणूस होल्डवर टाकायचा आणि इकडून पाऊस यायचा. मी आयुष्यात पुष्कळ ऑफिसांत बसलो आहे, सातबाऱ्यासाठी बसलो आहे, पण तिथं समोर माणूस असतो, कागद कोणाच्या टेबलावर आहे ते डोळ्यांनी दिसतं. इथं टेबलच नव्हतं.

बुधवारी सकाळी कोड आला आणि मी सुटलो असं वाटलं. दुपारी त्या तिसऱ्या विभागाकडून आर्टवर्क आलं. पाठभर निळा ठोकळा, ३० सेंटीमीटर रुंद, ३५ उंच, त्यात पांढऱ्यात लोगो. दुकानदाराला पाठवलं. त्याचा लगेच फोन, “हे छापलं तर तुमचं जॅकेट क्लास २ राह्यतच नाही जी.” त्यानं हिशोब सांगितला तो असा. आयएसओ २०४७१ या अशा जॅकेटांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे क्लास २ ला भडक रंगाचं कापड कमीत कमी ०.५० चौरस मीटर उघडं दिसलं पाहिजे आणि चमकणारी पट्टी ०.१३ चौरस मीटर. पट्टी ५ सेंटीमीटरची असली तर एका जॅकेटाला २.६ मीटर पट्टी लागते. पोटाभोवती दोन फेरे आणि खांद्यांवरून उभ्या पट्ट्या घेतल्या की ती बसते. पण निळ्या ठोकळ्याखाली ०.१ चौरस मीटरच्या वर कापड झाकलं जातं, आणि मोजणी सगळ्यात लहान साइजवर करतात. लहान साइजमध्ये एवढं कापड गमवायला जागाच नाही.

मी तेच सगळं मेलमध्ये लिहून पाठवलं: ठोकळा काढा, नुसता लोगो एका रंगात छातीवर डावीकडे आणि पाठीवर लहान द्या. उत्तर आलं की बदल हवा असेल तर नवीन फॉर्म भरा.

तो मेल मी चढावर उभा राहून वाचला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं. शुक्रवारी पोळा. पोळ्याला कारागीर गावी जातात, ते कोणी थांबवू नये आणि थांबतही नाहीत. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, पुतळ्यांची मोठी मिरवणूक. काळी आणि पिवळी मारबत इतवारीकडून निघते, बडगे निघतात, त्या भागात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, टेम्पो आत घालायचं तर नावच काढू नका. म्हणजे गुरुवार नव्या फॉर्मात गेला की छपाईला फक्त रविवार उरत होता.

सुटका ऑफिसातून झालीच नाही. गुरुवारी सिमेंटच्या गाडीसाठी बाजूच्या पॅकेजच्या (रस्त्याच्या दुसऱ्या तुकड्याच्या कामाच्या) स्टोअरकीपर दादांशी बोलत होतो. तेही त्याच मुख्य कंपनीचं काम. बोलता बोलता मी रडगाणं गायलं. ते म्हणाले, “काऊन नवीन फॉर्म भरून राह्यला? मागच्या वर्षी आमची जॅकेटं मंजूर झाली ना. फाइल माह्या पेनड्राइव्हमध्ये आहे.” संध्याकाळी पावणेसातला त्यांनी कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल आणि सह्या केलेला मंजुरीचा कागद दोन्ही पाठवलं. छातीवर ८ सेंटीमीटरचा लोगो, पाठीवर एका ओळीत नाव, ठोकळा नाही. त्याच कार्यालयाचा शिक्का, त्याच तिसऱ्या विभागाची सही. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांनी त्यावरच “या साइटलाही लागू” लिहून सही केली, कन्सल्टंटच्या साहेबांनी पाच मिनिटांत होकार दिला.

मंजूर डिझाइन त्यांच्याच दप्तरात वर्षभर पडलं होतं. पहिल्या शुक्रवारी एका माणसानं “आधी झालेलं आहे, हे घ्या” एवढं म्हटलं असतं तर पोळ्याच्या आधीच माल माझ्या स्टोअरमध्ये असता. याचा राग गेलेला नाही. तुम्ही असल्या कामात पडलात तर फॉर्म मागायच्या आधी शेजारच्या पॅकेजला, जुन्या स्टोअरकीपरला, आधीच्या छपाईवाल्याला विचारा की मंजूर फाइल कोणाकडे आहे का.

पुढचं पटापट झालं. रविवारी सकाळी दुकानदारानं मोबाइलवर छपाईचा नमुना पाठवला आणि बरं झालं पाठवला, कारण ‘वाहतूक नियंत्रक’ मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसली होती आणि जोडाक्षर फुटलं होतं. आमच्याकडे एक फॉन्ट, त्याच्याकडे दुसरा. मराठी मजकूर असला तर अक्षरं कर्व्हमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत) बदलूनच फाइल द्यावी, आणि नमुना शाळा शिकलेल्या दोन माणसांकडून वाचून घ्यावा. पावसाळ्यात शाई लवकर सुकत नाही, घड्या घातल्या की एकमेकांना चिकटते. त्यानं पंखे लावून सुकवली आणि प्रत्येकात कागद घालून गठ्ठे बांधले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकले. पहाटे चारला मी यवतमाळात उभा होतो.

साइजांचं सांगायचं राहिलं. फ्री साइज घेऊ नका. बारीक अंगाच्या मजुराला ते लोंबतं आणि मिक्सरजवळ, लोखंडाच्या टोकांत अडकतं. मी ४० मीडियम, ७० लार्ज, ३० एक्स्ट्रा लार्ज घेतली, मीडियम कमी पडली. चेन घेऊ नका, सिमेंटचं पाणी बसून दोन आठवड्यांत जाम होते, वेल्क्रो बरा. आमच्याकडे बाया कामाला आहेत, त्या लुगड्यावर शर्ट घालून वर जॅकेट घालतात, आणि सवयीनं पदर जॅकेटावरून घेतात. पाठीची अर्धी पट्टी झाकली जाते. पहिल्याच दिवशी मी आणि त्यांच्यातल्या मोठ्या काकूंनी मिळून सगळ्यांना पदर आतून खोचायला लावला.

रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे. पुष्कळ जण लिंबू रंग मागतात. पोळ्याच्या दिवसांत आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन, कपाशी, तूर, सगळं हिरवंगार असतं, लिंबू जॅकेट त्यात मिसळून जातं. आम्ही सगळ्यांना नारंगी घेतलं.

आतल्या लेबलावर मानकाचा नंबर, क्लास आणि किती धुण्यांपर्यंत टिकेल ते छापलेलं पाहिजे. भारतीय मानक आयएस १५८०९ आहे. लेबल नसेल तर माल परत करा, साहेब पहिल्यांदा तेच उलटून पाहतात. आमच्या साहेबांनीही सोमवारी सकाळी आठला तेच केलं. झेंडीवाल्या काकांच्या जॅकेटाची कॉलर उलटली, लेबल वाचलं, पाठीवरचं मराठी वाचलं आणि स्लॅब सुरू करायला सांगितला. संध्याकाळी सहाला शेवटचा मिक्सर रिकामा झाला.

ती फाइल मी तीन ठिकाणी ठेवली आहे, माझ्या मोबाइलमध्ये, स्टोअरच्या पेनड्राइव्हमध्ये आणि इतवारीच्या दुकानदाराकडे. परवा दिग्रसकडच्या एका मोरीवरून फोन आला, त्यांनाही तसंच पत्र आलंय आणि फॉर्म भरायला सांगितलंय. मी त्यांना थांबवलं, चढावर गेलो आणि फाइल, मंजुरीचा कागद, दोन्ही तिथूनच पाठवून दिलं.