पोट सुटलेला गणवेश

बेसबॉल पहिल्यांदा बघणाऱ्या मराठी माणसाला नियम फारसे अडत नाहीत. स्ट्राइक, बॉल, बेस हे सगळं तासाभरात कळतं. फटका मारला की फलंदाज बॅट फेकून पळत सुटतो, त्याचीही सवय होते. डोळ्यांत खुपतात ती पोटं. रेषेच्या कडेला साठी-सत्तरीचे गृहस्थ उभे असतात. अंगात खेळाडूंचीच घट्ट पँट, कमरेला पट्टा, पाठीवर नंबर, डोक्यावर तीच टोपी, आणि पट्ट्याच्या वर ऐसपैस ढेरी. टीव्हीसमोर बसलेल्या एखाद्या काकूंनी ‘अगंबाई, हेही खेळतात?’ असं विचारलं तर त्यांना हसू नये.

आपल्याकडे खेळणं सुटलं की कपडेही सुटतात. आचरेकर सर शिवाजी पार्कात साध्या शर्ट-पँटीत उभे असत. चंद्रकांत पंडित रणजी संघाबरोबर फिरायचे ते ट्रॅकसूटमध्ये. प्रशिक्षकाने पॅड बांधून पॅव्हेलियनमध्ये बसावं असं कुणाच्या डोक्यात येणार नाही. बेसबॉलमध्ये मात्र बेसजवळ उभ्या राहणाऱ्या कोचने संघाच्या गणवेशातच असलं पाहिजे, असा लेखी नियम आहे. जुन्या काळी खेळाडूंतलाच एक जण संघही चालवायचा, म्हणून मॅनेजरही गणवेशात. पुढे माणसं म्हातारी झाली, पण कपडे बदलायचं कुणाला सुचलं नाही. अपवाद कॉनी मॅकचा. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा संघ त्याने १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षं सूट आणि कडक कॉलर घालून चालवला. हातातल्या स्कोअरकार्डाने तो खेळाडूंना इकडे सरका, तिकडे सरका अशा खुणा करायचा. फोटोत तो बँकेतला हिशेबनीस वाटतो. मला विचाराल तर पोटवालेच बरे.

त्या पोटवाल्यांचा शिरोमणी म्हणजे डॉन झिमर. जन्म १९३१, सिनसिनाटी. १९४९ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या संघाने त्याला घेतलं, आणि २०१४ च्या जूनमध्ये वारला तेव्हाही तो बेसबॉलच्याच पगारावर होता. बेसबॉलबाहेरचा एक डॉलरही आपण कधी पगार म्हणून घेतला नाही, हे तो अभिमानाने सांगायचा. लग्नसुद्धा मैदानातच. १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी, संध्याकाळच्या सामन्याआधी, होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज उभा राहतो आणि धाव पुरी होते तिथे. नवरी जीन, जिला सगळे ‘सूट’ म्हणत. त्या बाईने पुढे जन्मभर नवऱ्याची वर्तमानपत्रांतली कात्रणं वह्यांत चिकटवली.

खेळाडू म्हणून झिमर बेताचाच. कारकिर्दीची सरासरी .२३५, म्हणजे हजार खेपांत २३५ हिट, बेस गाठून देणारे फटके. होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, ९१. क्षेत्ररक्षणाला बेसच्या आसपास कुठेही उभा करा, उभा राहील, अशा जातीचा. पण हा तरी टिकला कसा, याचंच नवल आहे. १९५३ च्या जुलैमध्ये तो सेंट पॉल या दुय्यम संघाकडून कोलंबसला खेळत होता. समोरून आलेला चेंडू त्याला संध्याकाळच्या उजेडात नीट दिसला नाही आणि तो थेट कानशिलावर बसला. हेल्मेट तेव्हा सक्तीचं नव्हतं. जवळजवळ दोन आठवडे शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी कवटीला भोकं पाडून आतला दाब कमी केला. ती भोकं पुढे टँटलम धातूच्या बटणांनी बुजवली. लोक मात्र ‘झिमरच्या डोक्यात पोलादी पत्रा आहे’ असंच म्हणत राहिले. आपल्याकडच्या वाचकाला इथे नरी काँट्रॅक्टर आठवतील. १९६२, बार्बाडोस, चार्ली ग्रिफिथ. ते बरे होऊन क्रिकेट खेळलेही, पण कसोटीत परत आले नाहीत. झिमर वर्षभरात डॉजर्सच्या मुख्य संघात हजर झाला. १९५६ मध्ये दुसऱ्या एका चेंडूने त्याचं गालाचं हाड मोडलं. तरीही तो खेळत राहिला. याला शौर्य म्हणावं की बटणांचा परिणाम, ठरवता येत नाही.

ब्रुकलिनला एकमेव वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं अजिंक्यपद, मिळाली ती १९५५ मध्ये. सातव्या, निर्णायक सामन्यात सहाव्या डावात झिमरला काढून त्याच्या जागी दुसरा फलंदाज पाठवला. मग दुसऱ्या बेसवर जिलियम आला, आणि जिलियमच्या जागी डाव्या कोपऱ्यात सँडी अमोरोस. त्याच डावात समोरच्या न्यूयॉर्क यँकीजच्या योगी बेराचा उंच फटका त्या कोपऱ्यात गेला, अमोरोसने धावत जाऊन तो टिपला आणि सामना वाचला. झिमर पुढे सांगत असे, मला बाहेर काढलं नसतं तर आपण हरलो असतो. १९६२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडे असताना त्याला ओळीने ३४ खेपांत एकही हिट मिळाली नाही. मग एकदाची मिळाली आणि मेट्सने लगेच त्याला दुसऱ्या संघाकडे धाडला. फॉर्मात आहे तोवर काढलेला बरा, असा विनोद तेव्हा झाला. त्या मोसमात १२० सामने हरणाऱ्या संघाला विनोदाशिवाय दुसरं होतं तरी काय! १९६६ मध्ये जपानमध्ये तोएई फ्लायर्सकडूनही तो खेळून आला. मग कोच झाला, आणि खरा झिमर इथे सुरू होतो.

तिसऱ्या बेसच्या कोचकडे एकदा नीट बघावं. चेंडू टाकण्याआधी तो टोपीला हात लावतो, नाक चाचपतो, कोपर पुसतो, छातीवरून हात फिरवतो, पट्टा, पुन्हा टोपी, शेवटी टाळी. अंगाला मुंग्या चढल्यासारखा. यातलं बहुतेक सगळं खोटं असतं. एक खूण आधी ठरलेली. ती आली की तिच्यानंतरची खरी, बाकीचा समोरच्यांना चकवायचा देखावा. आणि एकदा फटका बसला की हाच माणूस धावणाऱ्याचे डोळे बनतो. धावपटूच्या पाठीमागे चेंडू असतो, त्याला काही दिसत नाही. कोच हात गरगरा फिरवतो म्हणजे पळ, दोन्ही तळवे पुढे करतो म्हणजे थांब. घरापर्यंत पाठवायचं की अडवायचं, हा निर्णय डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. बरोबर आला तर कौतुक धावणाऱ्याचं, चुकला तर शिव्या कोचला.

१९७५ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, बॉस्टनचं फेनवे पार्क. स्कोअर ६-६, नववा डाव, तिन्ही बेस भरलेले, एकही जण बाद नाही. तिसऱ्या बेसवर डेनी डॉयल, शेजारी कोच झिमर. फ्रेड लिनचा फटका डावीकडे जवळच उडाला, झेल घेतला गेला. झिमर ओरडला, ‘नो, नो, नो!’ डॉयलला त्या गदारोळात ऐकू आलं, ‘गो, गो, गो!’ तो सुटला आणि होम प्लेटवर आरामात बाद झाला. पुढे बाराव्या डावात कार्लटन फिस्कने तो प्रसिद्ध होम रन मारला म्हणून बरं, नाहीतर झिमरला बॉस्टनमध्ये घर मिळालं नसतं.

ते मिळू नये याची सोय पुढे झालीच. मॅनेजर म्हणून १९७८ मध्ये त्याच्या बॉस्टन रेड सॉक्सकडे यँकीजवर १४ सामन्यांची आघाडी होती. ती सगळी वितळली आणि अखेर एकाच सामन्यावर आलं. त्यात यँकीजच्या बकी डेंटने, ज्याच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती, होम रन मारला. पाच वर्षांनी झिमर यँकीजचाच कोच म्हणून न्यूजर्सीत भाड्याचं घर शोधत होता. मिळालं ते घर बकी डेंटचं. भिंतीभिंतीवर त्या होम रनचे फोटो. झिमरने एकूण एक फ्रेम भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवली. भाडं मात्र दिलं असणार.

मॅनेजर म्हणून त्याने चार संघ चालवले आणि चारही ठिकाणी नारळ मिळाला. टेक्सासमध्ये तर मालकाने ‘तुम्हाला काढलंय’ असं सांगून वर आणखी काही सामने सांभाळायची विनंती केली, आणि या गृहस्थाने ते सांभाळले! १९८९ मध्ये शिकागो कब्जला विभागात पहिलं आणल्याबद्दल तो नॅशनल लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला, १९९१ मध्ये तिथूनही बाहेर. मला यात अपयश दिसत नाही. आपल्याकडे बेताच्या खेळाडूला तिशीनंतर बँकेतली नोकरी आणि रविवारची आठवण एवढंच उरतं. झिमरला दर वेळी कुणीतरी गणवेश मापाचा करून द्यायला तयार होतं. माप तेवढं वाढत गेलं.

१९९६ पासून तो यँकीजच्या बाकावर, मॅनेजर जो टॉरीच्या शेजारी. बेंच कोच म्हणजे काय करायचं? मुख्यतः शेजारी बसायचं. टॉरी गप्प, चेहरा दगडी, आणि शेजारी हा गोबऱ्या गालांचा पॉपाय. पळवायचं का, बंट करायचा, म्हणजे चेंडू नुसता टेकवायचा का, समोरचा मॅनेजर आता काय करील, हे तो कानाशी बोलत राहायचा. चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या. १९९९ मध्ये टॉरीला कर्करोग झाला तेव्हा पहिले ३६ सामने यानेच सांभाळले, २१ जिंकले. त्याच वर्षी यँकीजच्याच नोब्लॉकचा एक तिरका फटका डगआऊटमध्ये येऊन याच्या डोक्याला लागला. बटणं तिथेच होती. पुढच्या सामन्याला झिमर यँकीजचं चिन्ह लावलेलं लष्करी हेल्मेट घालून बाकावर बसला.

२००३ मध्ये फेनवेलाच यँकीज आणि रेड सॉक्स हमरीतुमरीवर आले. ७२ वर्षांचा झिमर तरातरा रेड सॉक्सचा गोलंदाज पेड्रो मार्टिनेझच्या अंगावर गेला. पेड्रोने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून त्याला जमिनीवर लोळवलं. लोक पेड्रोवर भडकले. झिमर दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर रडला आणि माफी स्वतःच मागितली. तो पेड्रोवर चालून गेला, याचं मला आश्चर्य वाटत नाही. अंगात गणवेश होता. साध्या शर्टातला माणूस त्या वयात मधे पडला असता तर भांडण सोडवायला.

त्या मोसमानंतर यँकीजच्या मालकाशी बिनसलं आणि तो टँपा बे या संघाकडे सल्लागार म्हणून गेला. तिथे त्याने गंमत केली. बेसबॉलमधलं जितकावं वर्ष, तितकाच पाठीवर नंबर, दर वर्षी एक वाढवायचा. २०१४ मध्ये ६६ होता. तो नंबर पुढच्या वर्षी संघाने कायमचा राखून ठेवला. पाठीवर दोनच आकडे मावतात, त्या हिशेबाने अजून ३३ मोसमांची सोय होती.