पत्ता नसलेले शहर

नेदरलँड्समधल्या हेगला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळून चुकले की, या देशात पत्त्याशिवाय माणसाचे पान हलत नाही. नगरपालिकेत राहत्या घराची नोंद झाली की नागरिक क्रमांक मिळतो आणि तो हाती आला की मगच पगार, विमा वगैरे गोष्टी मार्गी लागतात. त्यामुळेच असेल, इथल्या कुन्स्टम्युझियम या कलासंग्रहालयात कॉन्स्टंट निवेनहाउस (१९२०–२००५) या डच कलावंताचे ‘न्यू बॅबिलॉन’ हे काल्पनिक शहर पाहताना मी अडखळले, कारण त्या शहरात कोणाचाच पत्ता नाही.

१९५६ मध्ये इटलीतल्या आल्बा गावात कॉन्स्टंटने रोमा या युरोपातल्या भटक्या समाजाच्या कुटुंबांचा तळ पाहिला. गुरांच्या बाजाराच्या छपराखाली उतरायला मनाई झाल्याने ती माणसे नदीकाठच्या एका खासगी जमिनीवर, फळ्या आणि पेट्रोलच्या डब्यांचे आडोसे करून राहत होती. (आपल्याकडे गावाबाहेरच्या माळावर पडलेली पाले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.) त्यांच्यासाठी एकाच छताखाली हलत्या भिंतींची वसाहत कल्पून त्याने एक प्रतिकृती केली आणि तिच्यातूनच १९७४ पर्यंत प्रतिकृती, नकाशे, चित्रे आणि लेख यांचे हे काल्पनिक शहर वाढत गेले.

त्याचे गृहीत असे की, कष्टाची सर्व कामे यंत्रे करतील, कारखाने जमिनीखाली जातील आणि जमीन कोणाच्याच मालकीची राहणार नाही. मग खांबांवर उचललेल्या, एकमेकांना जोडलेल्या प्रचंड दालनांतून माणसे आयुष्यभर भटकतील आणि भिंती, उजेड, हवा, वास हे सारे आपल्या लहरीप्रमाणे बदलत राहतील. या खेळकर माणसाची कल्पना त्याने योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराकडून घेतली. गंमत म्हणजे, त्याच हाउझिंगाने १८९७ मध्ये डॉक्टरेटसाठी लिहिलेला प्रबंध संस्कृत नाटकांतल्या विदूषकावर होता!

१९५८ ची ‘पिवळा विभाग’ ही धातू, लाकूड आणि पारदर्शक प्लास्टिकची प्रतिकृती मी बराच वेळ वाकून न्याहाळली. ती सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिच्यात चूल कुठे मांडायची आणि तान्हे मूल कुठे निजवायचे, हे मला शेवटपर्यंत सापडले नाही. स्वतःहून भटकणे आणि हाकलले गेल्यामुळे भटकणे यांतले अंतर ही प्रतिकृती पुसून टाकते, असे मला वाटते. कॉन्स्टंटलाही हे स्वप्न अगदी निर्वेध वाटत नसावे, कारण साठीच्या दशकाच्या अखेरीस त्याने रंगवलेल्या न्यू बॅबिलॉनच्या चित्रांत माणसे दिसू लागतात, तेव्हा त्यांच्याबरोबर हिंसा आणि रक्ताचे डागही येतात.

पहिली प्रतिकृती ज्यांच्यासाठी होती, त्या आल्बाच्या कुटुंबांसाठी मात्र ती वसाहत कधीच बांधली गेली नाही.