नऊ हजारांचा फोन, मंडईतला उजेड

पुण्याच्या मंडईत मी स्वस्त फोनने फोटो काढतो, त्यांवर येणारे काळपट पट्टे अखेर गेले. फोन आडवा धरला की आडवे, उभा धरला की उभे, आणि बाहेर उन्हात काढलेल्या फोटोंवर एकही नाही. म्हणजे भानगड गाळ्यांवरच्या एलईडी दिव्यांची होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारा स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला ते कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र सगळं चित्र एका दमात टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो. शटर, म्हणजे सेन्सर उजेड घेतो तो वेळ, १/२५० सेकंदाला असेल तर काही ओळी दिवा प्रखर असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. शटर १/१०० किंवा १/५० ला बांधून टाकलं की प्रत्येक ओळीला दिव्याचा पूर्ण फेरा मिळतो आणि पट्टे नाहीसे होतात.

माझ्या फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने लावायची सोयच नाही. म्हणून ओपन कॅमेरा हे फुकट ॲप टाकलं. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा२ एपीआय’ हा पर्याय निवडला की आयएसओ (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) आणि शटर दोन्ही ताब्यात येतात. सगळ्याच स्वस्त फोनांवर हे चालतं असं नाही, माझ्या फोनवर चाललं. १/५० ला मेथीची जुडी बांधणारे हात पुसट येतात, १/१०० ला बऱ्यापैकी थांबतात. आयएसओ ४०० ते ८०० च्या मध्ये ठेवतो. त्याच्या वर गेलं की सावल्यांत रंगीत कण दिसायला लागतात आणि मग ॲप ते पुसायच्या नादात कोथिंबिरीचा हिरवा चिखल करतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: ही पुण्याची महात्मा फुले मंडई, १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेली दगडी इमारत. (मंडईवरच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला तो जोतिरावांनी, आणि आज पाटी त्यांच्याच नावाची. पुण्यात हे चालायचंच.) छत उंच, मध्ये अंधार, कडेच्या कमानींतून येणारा उजेड आणि प्रत्येक गाळ्यावर लोंबणारे दिवे. फोनच्या ऑटो मोडला गोंधळात टाकायला याहून चांगली जागा नाही, म्हणूनच मी ती धरून बसलोय.

फोनच्या पाठीवर ५० मेगापिक्सेल छापलंय, त्याचं कौतुक मी सोडून दिलंय. मुळात तो चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो आणि अंधारात तोच बरा असतो. ५० चा मोड आत वापरला तर फक्त फाइल फुगते. दुसरा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, शोभेचा. मागचं पुसट करणारा पोर्ट्रेट मोड कोथिंबिरीच्या कडा अशा कातरतो की न्हाव्यानेही लाजावं. त्यापेक्षा लिंबाच्या ढिगाला आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत चिकटलं की मागचं आपोआप पुसट होतं, आणि खरं पुसट होतं.

ऑटोवर काढताना सगळ्यात जास्त फरक पडला तो एक्स्पोजरच्या, म्हणजे फोटो उजळ-गडद करायच्या पट्टीने. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे असं कॅमेरा गृहीत धरतो. मुळ्याची चळत समोर आली की तो तिला करड्याकडे ओढतो, वांग्यांचा ढीग आला की उगाच उजळवतो. पांढऱ्यावर अधिक, काळ्यावर उणे, हे उलटं वाटतं पण तसंच आहे. मुळा, फ्लॉवर, सोललेला लसूण यांना +०.७, वांगी आणि ओल्या दगडी भिंतींना −०.७. मंडईत मी बहुतेक वेळा उणेच्या बाजूला असतो, कारण करपलेला पांढरा परत येत नाही, दबलेली सावली स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये थोडी तरी उचलता येते. भाजीवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच बांधले जातात, मग खुशाल चौकट हलवा.

रंगाचं दुखणं वेगळं. बाहेरच्या पथारीवर निळी ताडपत्री असेल तर माणसंही निळी आणि मेथीही मेलेली. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) फिरवून भाजी सुधारली तर मागचा रस्ता पिवळा होतो. टोमॅटोवाले लाल-केशरी छत्रीखाली बसतात ते काही उगाच नाही. यावर सेटिंग नाही, जागा बदलणे एवढाच उपाय. आतही तेच: दिवा आणि कमानीचा उजेड एकाच चेहऱ्यावर पडला की अर्धा गाल हिरवट. मी कमानीलगतच्या ओळीत सकाळी नऊच्या आसपास जातो, तेव्हा दिव्यांवर बाहेरचा उजेड मात करतो.

माणसांचे फोटो विचारूनच काढतो. एका मावशी म्हणाल्या, “काढ की बाबा, पण गिऱ्हाईक आलं की बाजूला हो.” तसं उभं राहिल्यावर आपोआप अंतर पडलं आणि चेहरा सरळ आला. फोनचं भिंग रुंद कोनाचं असतं, हातभरावरून नाकच मोठं दिसतं. सहा-सात फुटांवरून काढायचं आणि नंतर कापायचं. झूम वापरला तरी फोन तेच करतो, फक्त आपल्याला न विचारता. साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत निम्मा कापला तरी तीन उरतात, आणि ६×४ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सव्वादोनही पुरतात. मावशींना प्रिंट दिली. त्यांनी आधी तराजू दिसतोय का ते पाहिलं.

प्रिंटवरून एक: फोन ४:३ मध्ये फोटो काढतो आणि ६×४ चा कागद ३:२ असतो. स्टुडिओवाला न विचारता वरचं किंवा खालचं उडवतो. तराजूचं खालचं पारडं थोडक्यात वाचलं. आडव्या फोटोत वर-खाली मोकळी जागा ठेवा. आणि स्टुडिओला व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आधीच पिळलेला पोचतो.

सध्या अडलंय ते झेंडूवर. दसऱ्याच्या आधी मंडईबाहेर जे केशरी ढीग लागतात, त्यांच्या पाकळ्या फोटोत उरतच नाहीत, नुसता एकसंध केशरी डाग येतो. बाकी चित्र नीट दिसत असतानाच लाल रंग टोकाला जाऊन आदळतो. −१ ला पाकळ्या परत येतात, पण हार ओवणाऱ्या बायका काळ्या पडतात. ढगाळ सकाळी जरा बरं जमलं. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडणारी सोय) बंद ठेवून, डीएनजी म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल काढून पाहायची राहिलीय. माझा फोन ती देतो पण लिहायला इतका वेळ घेतो की तोवर हार ओवून होतो. कुणी स्वस्त फोनवर झेंडू नीट आणला असेल तर आकडे कळवा.