टाकी अर्धी झाली की धाप लागायची

"मेस्तरी, टाकी फुल असली की ट्रॅक्टर चांगला चालतो. अर्धी झाली की धाप लागते बघा." अण्णा हे सकाळीच बोलले होते. मी ऐकलं आणि तेव्हा सोडून दिलं.

ऑक्टोबरचा महिना. निफाड तालुक्यात छाटण्या उरकल्या होत्या, वेलींवर घड दिसायला लागले होते आणि रात्री पाऊस पडून गेला होता. अशा हवेत डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने द्राक्षवाल्याला झोप लागत नाही, फवारणी त्याच दिवशी व्हावी लागते. अण्णांचा तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर, मागे पंख्याने औषध फवारणारा ब्लोअर. रिकामा उभा असला की इंजिन एकसारखं चाले. पीटीओ, म्हणजे ब्लोअर फिरवणारा मागचा शाफ्ट, टाकून रेस वाढवली की इंजिनच्या फेऱ्यांचा काटा 2300 वरून 2000 वर यायचा आणि लगेच उसळून वर जायचा, पुन्हा खाली, पुन्हा वर. ब्लोअरचा पंखाही त्याच झोक्यात. एका वेलीवरून औषध ओघळायचं, पुढची कोरडीच राहायची.

आठच दिवसांपूर्वी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी डिझेल पंप उतरवून तपासणीच्या बेंचवर लावून आणला होता. 'गव्हर्नर गेलाय' म्हणे, म्हणजे लागेल तसं डिझेल कमी-जास्त करून रेस सांभाळणारा पंपातला भाग. पैसे गेले, दोन दिवस मोडले, इंजिन होतं तसंच. याची मला मनापासून चीड येते. इंजिन हंटिंग करायला, म्हणजे असं खाली-वर व्हायला लागलं की पहिला संशय एअरचा, डिझेलच्या लाईनीत शिरलेल्या हवेचा घ्यायचा, पंपाला हात सगळ्यात शेवटी. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंपातल्या प्लंजरखाली, म्हणजे दट्ट्याखाली, बुडबुडा आला की त्याचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला ते कमी पोचतं, इंजिन पडतं. गव्हर्नर बिचारा जास्त डिझेल सोडतो. तेवढ्यात बुडबुडा निघून जातो, भरपूर डिझेल मिळतं, इंजिन उसळतं, गव्हर्नर परत मागे ओढतो. तो त्याचं काम चोख करत असतो आणि दोषही त्याच्याच माथी येतो.

फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. साबणासारखा फेस आला, मग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळला. इंजिन दहा मिनिटं शांत चाललं आणि पुन्हा तेच. म्हणजे एअर साठलेली नव्हती, कुठून तरी येत होती. डिझेलच्या नळ्या जोडणाऱ्या पोकळ बोल्टांचे, बँजो बोल्टांचे, तांब्याचे वायसर बघितले. पंप उतरवणाऱ्याने जुनेच परत बसवलेले, चेपून कडक झालेले. मला वाटलं, सापडलं. सगळे नवे टाकले, पुन्हा एअर काढली. फरक शून्य. एव्हाना अकरा वाजले होते आणि अण्णा सारखे आभाळाकडे बघत होते.

मग कॅन काढला. पाच लिटरचा कॅन डिझेल भरून बॉनेटच्या वर टांगला आणि त्याची पारदर्शक नळी थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, जोडली. टाकी आणि तिची लाईन दोन्ही बाजूला. पीटीओ टाकला, रेस वाढवली. पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही. पंप, गव्हर्नर, नोझल, सगळे निर्दोष. चोर टाकी आणि फीड पंपाच्या मधे होता.

तीच पारदर्शक नळी वीतभर कापून फीड पंपाच्या अलीकडे मूळ लाईनमध्ये घातली. रेस वाढवल्याबरोबर त्यातून मण्यांची माळ सरकावी तसे बुडबुडे जायला लागले. अण्णा वाकून बघत राहिले.

तिथून हात मागे मागे नेला. फीड पंपानंतर गळती असली तर डिझेल बाहेर ठिबकतं, लगेच कळतं. ओढीच्या बाजूला तसं होत नाही, चालू इंजिन आत हवा ओढतं आणि बाहेर थेंब दिसत नाही. पण टाकीखालच्या गाळ अडवणाऱ्या वाटीनंतरच्या पाइपाला, क्लिपेच्या कडेला, धुळीची एक काळी, तेलकट कडी बसली होती. बाकी पाइपावरची धूळ फुंकरीने उडाली, ही चिकटून राहिली. इंजिन बंद आणि टाकी भरलेली असताना तिथून कणभर डिझेल पाझरत असणार. पाइप काढला तर तो डिझेलचा नव्हताच, फवारणीच्या नळीचा तुकडा होता. डिझेलने तो लाकडासारखा कडक झालेला, क्लिप कितीही आवळा, धरत नव्हता. वाटी उघडली, आतली जाळी गाळाने निम्मी बुजलेली.

आता अण्णांचं सकाळचं वाक्य नीट ऐकू आलं. टाकी फुल असली की वरच्या डिझेलचा दाब जाळीतून माल ढकलायचा. अर्धी झाली की तो दाब कमी पडायचा, लोडवर पंपाला ओढावं लागायचं आणि तो ओढणार कुठून, तर त्या कडक पाइपाच्या फटीतून हवा. नुसता पाइप बदलला असता तर पुढे जाळीने इंजिन अडवलंच असतं.

जाळी धुतली, वाटीचं रबर नवं टाकलं, डिझेलचाच पाइप दोन क्लिपांवर बसवला, एअर काढली.

अण्णांनी टाकीत काडी बुडवून पाहिली. जेमतेम चार बोटं डिझेल. "एवढ्यावरच चालवून बघतो," म्हणाले आणि ब्लोअर घेऊन बागेत शिरले. मी बांधावर उभा राहून पाच ओळी नुसता आवाज ऐकला. एकसारखा होता.