गोळ्या वाटण्याच्या वेळात

बुधवार, रात्री

आज ड्यूटीभर एक काम जास्तीचं केलं. आमच्या निवासी संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग बायकांना सिस्टरच्या तोंडून दिवसभरात काय काय ऐकायला मिळतं, तिकडे कान ठेवला. ‘ऊठ.’ ‘तोंड उघड.’ ‘गिळलीस? जीभ दाखव.’ ‘बस तिथं.’ ‘हात लावू नको.’ ‘शहाणी ना तू?’ सकाळपासून संध्याकाळपर्यंत याच्यापलीकडे फार थोडं. प्रश्नही आले, पण त्यांच्या उत्तरासाठी कुणी थांबलं नाही.

यात दुष्टपणा कुणाचा नाही, हे आधी लिहून ठेवते. आमच्या सिस्टर कामाला वाघ आहेत. फिटच्या गोळ्या वेळेवर गेल्याच पाहिजेत. एक डोस चुकला तर दुपारी कुणीतरी फरशीवर कोसळतं आणि डोक्याला टाके पडतात. त्यात पाण्याचा दिवस असला की विचारायलाच नको. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी अंघोळी, डोकी धुणं, चादरी, सगळं पाणी आहे तोवर उरकायचं. त्या दिवशी अख्ख्या इमारतीत नुसते हुकूम ऐकू येतात.

तरीही ‘बोलायला वेळ कुठाय’ हे मला पटत नाही. इथे राहणाऱ्या प्रत्येकीसमोर सिस्टर रोज येते ती गोळ्या देताना. बाकी कशात नाही तरी तेवढ्या वेळात ती एकटी समोर असते. तो वेळ मुक्याने घालवला काय आणि बोलत घालवला काय, घड्याळात तेवढाच.

गोळी द्यायची पद्धतच घ्या. सिस्टर उभी, गोळी घेणारी पलंगावर बसलेली. वर बघायचं तर तिला मान मागे टाकावी लागते, आणि मान मागे गेली की पाणी श्वासनलिकेत उतरायला वाट मोकळी होते. बौद्धिक दिव्यांगतेच्या जोडीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं, असेल तर गिळणं आधीच कच्चं असतं. ठसका लागतो. कधी तोही लागत नाही, आणि चार दिवसांनी ताप चढून न्यूमोनिया निघतो. हेच सिस्टरने स्टूल ओढून समोर बसून दिलं, तर दोघींचे डोळे एका पातळीवर येतात आणि हनुवटी आपोआप खाली राहते. औषध देण्याची सुरक्षित पद्धत आणि माणसाशी माणसासारखं बोलण्याची पद्धत इथे एकच आहे. शिकताना मात्र या दोन्ही गोष्टी आम्हाला वेगवेगळ्या पेपरांत होत्या.

भुकटी करून वरणात कालवणंही मला खटकतं. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली व्हॅल्प्रोएटची, म्हणजे फिटवरची, गोळी कुटली, की औषध एकदम रक्तात जातं. शिवाय ताटात न सांगता काहीतरी घातलंय हे तिला चवीवरून कळतं. मग ती वरणच सोडते आणि आपण नोंद करतो: ‘हट्टी आहे, जेवत नाही.’

सगळ्यात टोचतं ते डोक्यावरून बोलणं. ‘मावशी, हिचं पोट साफ झालं का?’ जिच्याबद्दल विचारलं ती समोर, हातात ग्लास धरून. बाजूला घेऊन, तिच्या पोटाकडे बोट दाखवून तिलाच विचारलं आणि मनात दहा आकडे होईपर्यंत थांबलं, तर ती मान हलवते. आम्ही तिसऱ्या आकड्यालाच मावशींकडे वळतो.

गुरुवार

पूर्व भागातल्या विणकराच्या घरातून आलेल्या एक आक्का आमच्याकडे आहेत. फाइलमध्ये ‘बोलत नाही’ असं लिहिलेलं. नवी एएनएम (सहायक परिचारिका) सिस्टर त्याच भागातली, घरी तेलुगू. तिने आज नाश्त्याच्या वेळी जाता जाता विचारलं, ‘अक्का, तिन्नारा?’ खाल्लंत का, एवढंच. आक्कांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘लेदु.’ नाही.

ज्या शहरात एका पेठेत मराठी, दुसरीत तेलुगू, पुढे कन्नड आणि पलीकडे दख्खनी उर्दू चालते, तिथे ‘बोलत नाही’ लिहिताना कुठल्या भाषेत विचारलं होतं तेही लिहायला हवं होतं. आक्का त्या एका शब्दाने बोलू लागल्या असं नाही. संध्याकाळी परत गप्पच होत्या. पण मी फाइलमध्ये आजची तारीख घालून नवी नोंद केली: ‘तेलुगूत विचारल्यास उत्तर देतात.’ ‘देते’ नाही, ‘देतात’. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला चोवीस वर्षांच्या मुलीने ‘ए’ म्हणायचं, लाडात आलं की ‘बाळ’ म्हणायचं, हे तिच्या स्वतःच्या घरी, तिच्या भाचरांसमोर कुणाला शोभलं असतं का?

शनिवार

खिडकीजवळच्या पलंगावरची ताई स्वतःच्या डाव्या गालावर चापट्या मारून घेत होती. ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये ‘चाळे वाढलेत, सायकियाट्रिस्टना दाखवू, गोळी वाढवून देतील’ असं आलं. अंघोळ घालणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘तिनं सोमवारपासनं कडक भाकरी सोडलीया ओ सिस्टर. भिजवून दिली तरच खातीया.’

तोंडात बॅटरी मारून बघितलं. वर्षानुवर्षं फिटवरचं फेनिटोइन चालू, त्याने हिरड्या वाढून दातांवर आलेल्या, ब्रश आतपर्यंत पोचतच नाही. डाव्या दाढेखाली पू झालेला. दाताच्या डॉक्टरांकडे नेलं, तर तिथेही सगळी विचारपूस माझ्याकडेच. तिचा हात धरून मीच म्हटलं, डॉक्टर, तुम्ही काय करणार आहात ते तिला सांगा, ती ऐकतेय. त्यांनी आरसा आणि चिमटा तिच्या हातात देऊन दाखवला. त्यानंतर तिने तोंड उघडलं, कुणाला धरून ठेवावं लागलं नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने या माणसांना कायद्यापुढे इतरांच्या बरोबरीने मानलंय आणि निर्णय घ्यायला लागेल तो आधार द्यायला सांगितलंय. तो आधार प्रत्यक्षात असा असतो, दोन वाक्यांचा आणि एका आरशाचा. दाढ काढल्यावर चापट्या थांबल्या.

दुखणं दिसतं, आणि आम्ही ते दिव्यांगतेच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडच्या नैऋत्य भागात बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या 247 मृत्यूंची चौकशी झाली होती, तिचा अहवाल 2013 साली आला. तिथल्या सर्वसाधारण लोकांच्या मानाने पुरुष 13 वर्षं आणि स्त्रिया 20 वर्षं आधी गेल्या होत्या. निदानाला आणि उपचाराला झालेला उशीर त्यात पुन्हा पुन्हा दिसतो. वीस वर्षं! हा आकडा प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर लावून ठेवावा असा आहे.

वेदना मोजायचं ‘फ्लॅक’ नावाचं एक मोजमाप आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाचांना प्रत्येकी 0 ते 2 गुण. ते मुळात लहान मुलांसाठी. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी त्यात सुधारणा करताना एक मोकळी जागा ठेवली गेली. हे मूल दुखलं की स्वतःचं असं काय करतं, ती खूण आईबापांनी सांगायची. आमच्या बायकांचे आईबाप एक तर नाहीत, नाही तर येत नाहीत. मग ती जागा कोण भरणार? जिने चांगल्या दिवशी तिच्याशी गप्पा मारल्यात, तीच. गप्पा हा म्हणूनच मला शुश्रूषेचा भाग वाटतो, वरची मेहेरबानी नाही. रोजचं माणूस माहीत नसेल तर आजचा बदल दिसणार कसा? मावशींना दिसला, कारण भाकरी वाढताना त्या तिच्याशी बोलतात. त्यांचं बोलणं मात्र आमच्या कुठल्याच रजिस्टरात येत नाही.

रविवार, गड्ड्याहून आल्यावर

गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर भरणारी जत्रा. तिथली गर्दी, भोंगे, मौत का कुआंचा आवाज. आमच्या बायकांतल्या कितीजणी घाबरतील, याची धास्ती होती. त्यामुळे निघण्याआधी प्रत्येकीला कुठे जायचंय, किती आवाज असेल, परत यावंसं वाटलं तर कुणाचा हात ओढायचा, हे दाखवून सांगितलं होतं. एकीला नको झालं, ती लगेच रिक्षाने परत आली. बाकीच्या रमल्या.

मी मात्र पुन्हा सिस्टरांकडेच बघत होते. बुधवारी ज्यांच्या तोंडी नुसते हुकूम होते, त्याच विचारत होत्या, ‘पाळण्यात बसायचं का? वडा घ्यायचा का भजी? ह्या बांगड्या का त्या?’ आणि थांबत होत्या! एकीने बांगड्यांवरून बोट फिरवत बराच वेळ घेतला, दुकानदार वैतागला, पण सिस्टरने त्याला थोपवून धरलं. परतताना डोक्यात हेच चाललं होतं की इथे कसं जमलं. मला वाटतं, गड्ड्यात उत्तर काहीही आलं असतं तरी चालणार होतं. वडा काय, भजी काय. आमच्या इमारतीत अंघोळ सहाला, चहा साताला, दूध नाही म्हणजे नाही. सगळं आधीच ठरलेलं. सिस्टरच्या हातातही काही नाही. जिला उत्तरानुसार काही बदलता येत नाही, ती प्रश्न विचारायचं हळूहळू सोडून देते.

जॅक टिझार्ड नावाच्या, इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी दाखवून दिलं होतं. 1958 साली लंडनच्या फाउंटन हॉस्पिटलमधली 16 बौद्धिक दिव्यांग मुलं त्याने ब्रुकलँड्स नावाच्या मोठ्या घरात हलवली. छोटे गट, ठरलेली माणसं, खेळ, बोलणं. तशीच 16 मुलं हॉस्पिटलात राहिली. दोन वर्षांनी ब्रुकलँड्सची मुलं भाषेत त्यांच्या बरीच पुढे होती. पुढे 1971 साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक निवासी संस्थांची तुलना प्रसिद्ध केली. कुठे मुलांशी जास्त बोललं जातं, हे नुसतं माणसांच्या संख्येवरून ठरत नव्हतं. जिथे त्या घराच्या प्रमुखाला रोजचे निर्णय स्वतः घेता येत आणि ती स्वतः मुलांमध्ये असे, तिथे हाताखालच्यांचंही वागणं वेगळं होतं. हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या सिस्टर कागदपत्रांत आणि व्यवस्थेत अडकलेल्या. वाचताना आमचंच रजिस्टरांचं कपाट डोळ्यांसमोर आलं.

म्हणून उद्या अधीक्षक मॅडमना मी जादा माणसं मागणार नाही. ती मिळणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. मी म्हणणार आहे की आज गोळ्या एकीने, ड्रेसिंग दुसरीने, असं काम वाटून देण्यापेक्षा एका खोलीतल्या बायका एका सिस्टरकडे द्या आणि निदान तीन महिने ती हलवू नका. अंघोळ आधी की नाश्ता आधी, चहा की दूध, एवढं त्या खोलीत ठरवू द्या. हँडओव्हरला मावशींनाही उभं करा आणि कोण आज वेगळं वागलं, हे आधी त्यांना विचारा. आणि प्रत्येक खोलीत एक स्टूल.

पाण्याच्या दिवशी यातलं काही जमणार नाही, असं त्या म्हणतील. बरोबर आहे. उरलेल्या दिवसांपासून सुरू करू.